‘पर कॅपिटा’, दरडोई आणि माणशी: तीन शब्द, दोन अर्थ

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई एका संस्थेसाठी इंग्रजी अहवाल मराठीत आणतात. ‘पर कॅपिटा’साठी त्या ‘दरडोई’ लिहितात. त्यांचे वरिष्ठ म्हणतात की मूळ लॅटिन पाहिलं तर ‘पर कॅपिटा’ चूक, ‘पर कॅपट’ बरोबर. एक सहकारी खात्रीसाठी ‘दरडोई प्रतिव्यक्ती’ असं लिहितात. आणि गावच्या बैठकीत हे आकडे वाचले की लोक विचारतात, “एवढे पैसे आमच्या हातात कधी आले नाहीत, मग हे कुणाचे?”

आकडेवारीचे तक्ते करण्यात आणि दुसऱ्यांचे तपासण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. माझ्या मते सर्वांत चांगला प्रश्न गावकऱ्यांनी विचारला आहे. पण आधी व्याकरण उरकून घेऊ.

लॅटिनमध्ये ‘कापुत’ म्हणजे डोकं आणि ‘कापिता’ म्हणजे डोकी. ‘पेर’ म्हणजे ‘च्या हिशेबाने’. तेव्हा ‘पर कॅपिटा’चा शब्दशः अर्थ ‘डोक्यांच्या हिशेबाने’, अनेकवचनात. ताई, एका डोक्यामागे म्हणायचं तर एकवचनी ‘पर कॅपट’ हवं, हा तुमच्या वरिष्ठांचा मुद्दा लॅटिनपुरता खरा आहे. असं लिहिणारेही आहेत. अन्न आणि पोषणाच्या ब्रिटिश वळणाच्या लिखाणात आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जुन्या तक्त्यांत ‘पर कॅपट’ सर्रास सापडतं. पण इंग्रजीने हा शब्दप्रयोग अख्खाच्या अख्खा उचलला तो कायद्यातून, आणि तिथे अनेकवचनच शोभतं: इस्टेट ‘डोक्यांच्या हिशेबाने’ वाटायची. पुढे आकडेवारीवाल्यांनी तो तसाच घेतला. आज इंग्रजीत ‘पर कॅपिटा’ लिहिणाऱ्याला कुणीही अडवणार नाही. मूळ मजकुरात ‘पर कॅपट’ असेल तर तो लेखकाचा हट्ट समजा. मराठीत दोन्हींना दरडोईच.

‘दरडोई प्रतिव्यक्ती’ मात्र खोडा. ‘दर’मध्ये ‘प्रति’ आहे आणि डोईखाली व्यक्ती आहेच. इंग्रजीतही ‘पर कॅपिटा पर पर्सन’ असं ढिसाळ लिहिलेलं मी पाहिलं आहे. याउलट पाणीपुरवठ्यातलं ‘लिटर पर कॅपिटा पर डे’ बरोबर आहे, कारण तिथे दोन वेगवेगळे भागाकार आहेत, एक डोक्यांनी आणि एक दिवसांनी. ‘दरडोई दररोज’ लिहा, कान जरा अडखळतो पण अर्थ चोख राहतो. ‘दरडोई कुटुंब उत्पन्न’ ही सगळ्यात त्रासदायक जात. लिहिणाऱ्याला कुटुंबाचं एकूण म्हणायचं आहे की कुटुंबातल्या माणसांत भागून आलेलं, हे त्यालाच विचारल्याशिवाय कळत नाही. अनुवादकाने इथे अंदाज बांधू नये, सरळ फोन करावा.

जाता जाता शब्दाविषयी. शाळेत व्याजाची गणितं केलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या मेंदूत ‘द.सा.द.शे.’ कोरलेलं असतं. दर साल दर शेकडा. ‘पर अ‍ॅनम’ आणि ‘पर सेंट’ ही लॅटिन जोडी आपण त्या चार अक्षरांत कधीच बसवली होती. दररोज, दरमहा, दरसाल यांच्याच रांगेत दरडोई बसतो. मला तो ‘पर कॅपिटा’पेक्षा चांगला शब्द वाटतो. इंग्रजी वाचकाला ‘कॅपिटा’त डोकं दिसत नाही, कॅपिटेशन फीच्या नावात तेच डोकं लपलंय, हेही कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे डोईवर पदर असतो, घागर असते, डोईजड माणसं असतात. दरडोई म्हटलं की डोकी मोजलीत हे ऐकू येतं. प्रश्न कुणाची मोजली हा आहे, त्याकडे येतोच.

आता गावकऱ्यांचा प्रश्न.

गणपतीची वर्गणी ठरताना मंडळात आपण काय म्हणतो? “माणशी पाचशे काढा.” म्हणजे प्रत्येकाने पाचशे द्यायचे, कुणाला सूट नाही. आता वर्षाअखेरीला खजिनदार सांगतो, “यंदा दरडोई पाचशे वर्गणी जमली.” याचा अर्थ पूर्ण वेगळा. एका बिल्डरने पन्नास हजार दिले असतील, चाळीस घरांनी शंभर शंभर दिले असतील आणि काहींनी दार उघडलंच नसेल. एकूण जमा रकमेला डोक्यांनी भागल्यावर पाचशे आले, इतकंच. मराठीत ‘माणशी’ बहुतेक वेळा वाटपाचा शब्द आहे आणि ‘दरडोई’ भागाकाराचा. इंग्रजीत या दोन्ही कामांना एकच ‘पर कॅपिटा’ जुंपलेला आहे. गोंधळ तिथून सुरू होतो.

वाटपाचा अर्थ आधी पाहू, कारण तो जुना आहे. आपल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 19 मध्ये म्हटलं आहे की, कायद्यात वेगळं सांगितलं नसेल तर एकत्र वारस झालेल्यांनी मालमत्ता ‘पर कॅपिटा’ घ्यावी, ‘पर स्टर्पीज’ नव्हे. लॅटिन ‘स्टिर्प्स’ म्हणजे खोड, वंशाची शाखा. समजा एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगी, एक मुलगा, आणि आधीच वारलेल्या दुसऱ्या मुलाची बायको व तिची दोन मुलं. स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. निव्वळ डोकी मोजली तर सहा वारस, प्रत्येकाला सहावा हिस्सा. पण कलम 10 इथे ‘वेगळं सांगतं’: वारलेल्या मुलाची शाखा मिळून एकच हिस्सा घेते. म्हणून पत्नी, मुलगी, मुलगा यांना पाव पाव, आणि सुनेला व दोन नातवंडांना उरलेल्या पावात तिघांत समान, म्हणजे प्रत्येकी बारावा हिस्सा. डोक्यांऐवजी खोड मोजलं तर सुनेचा हिस्सा निम्मा होतो. याज्ञवल्क्यस्मृतीत हीच शाखेची रीत ‘पितृतो भागकल्पना’ या शब्दांत आली आहे, बापाच्या नात्याने वाटणी. तेव्हा डोकी मोजावीत की खोड, हा वाद काही रोमन वकिलांची मिरास नाही.

रेशनमध्ये हाच प्रकार अधिक ठळक दिसतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे 35 किलो. एक डोक्याचा हिशेब, एक चुलीचा. 35 ला 5 ने भागा, 7 येतात. कार्डावर सातजण असतील तर दोन्हीकडे सारखंच. चारच असतील तर अंत्योदयवाल्याला दरडोई पावणेनऊ किलो पडतं. आणि नऊ जणांचं कुटुंब असेल तर चार किलोपेक्षाही कमी, म्हणजे ज्यांना जास्त गरीब मानलं त्यांनाच डोक्यामागे कमी. अहवालात ‘पर कॅपिटा एंटायटलमेंट’ दिसलं की हा वाटपाचा अर्थ आहे हे ओळखा आणि बिनधास्त ‘माणशी’ लिहा.

दरडोई उत्पन्न ही दुसरी गोष्ट. तिथे कुणी कुणाला काही वाटलेलं नसतं.

आपल्याकडे या भागाकाराने पहिल्यांदा राजकारण हलवलं ते दादाभाई नौरोजींनी. ते मुळात गणिताचे प्राध्यापक, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले. 1876 मध्ये त्यांनी मुंबईत ब्रिटिश हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला, 1867-68 च्या सुमाराचा. प्रांतवार पिकं घेतली, त्यांच्या किमती लावल्या, मीठ, खाणी, कारागिरी यांची भर घातली आणि सगळं मिळून 34 कोटी पौंड धरले. माणसं 17 कोटी. भागाकार 2 पौंड, म्हणजे 40 शिलिंग, म्हणजे त्या वेळचे 20 रुपये, वर्षाचे. नंतर त्यांनी जे केलं ते मला त्या भागाकाराहून मोठं वाटतं. सरकारच्याच तुरुंगांच्या अहवालांतून एका कैद्याच्या खाण्याकपड्याचा खर्च काढून त्यांनी तो शेजारी ठेवला. देशाचं दरडोई उत्पन्न त्याला पुरत नव्हतं.

सरकारने उत्तर दिलं तेही भागाकारानेच. 1882 मध्ये बेरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी 27 रुपये काढले, 1901 मध्ये कर्झनने 30 सांगितले. भांडण सगळं अंशाचं, म्हणजे वरच्या आकड्याचं: कुठलं पीक किती धरलं, कुठली किंमत लावली. पण दादाभाईंनी एक गोष्ट स्पष्ट बजावली होती: हे 20 रुपये म्हणजे सगळं सारखं वाटलं असतं तर. प्रत्यक्षात वरच्या वर्गांनी आपला मोठा वाटा उचलल्यावर खालच्याला त्याहून कमीच. तुमच्या गावकऱ्यांचा प्रश्न त्यांनी तेव्हाच उत्तरून ठेवला आहे.

आजच्या दरडोई उत्पन्नात आणखी गुंतागुंत आहे. कंपन्यांनी भागधारकांना न वाटता राखलेला नफा त्यात येतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याने स्वतःलाच दिलेलं मानलेलं भाडं येतं. शेतकऱ्याने विकलं नाही, घरी खाल्लं, ते धान्यही येतं. यातलं काहीच कुणाच्या हातात नोटांच्या रूपात पडत नाही. आणि भागताना तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत प्रत्येक डोकं पूर्ण एक धरलं जातं. तेव्हा बैठकीत “तुमचं उत्पन्न एवढं” असं कधीच वाचू नका. “राज्यात जे निर्माण झालं ते सगळ्यांत सारखं वाटलं असतं तर डोक्यामागे एवढं आलं असतं” असं वाचा. लांबतं, पण मग कुणी रागावत नाही. निदान तुमच्यावर तरी नाही.

घरखर्चाच्या पाहणीचा आकडा त्या मानाने अंगाजवळचा. 2023-24 च्या पाहणीत देशात दरडोई मासिक खर्च खेड्यात 4,122 रुपये आणि शहरात 6,996 रुपये निघाला. पाच जणांच्या ग्रामीण घराचा महिन्याचा खर्च वीस हजार सहाशेच्या आसपास, असं सांगितलं की लोक मान डोलावतात. पण हा आकडाही घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. घरातलं एकूण भागिले घरातली माणसं. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय उरलं, हे त्यातून कळत नाही.

डोक्याला डोकं सारखं धरायचं का, हा वाद आमच्या धंद्यात जुना आहे. तुमची एसटीसुद्धा सारखं धरत नाही: पाच वर्षांखालचं मूल फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं, पंचाहत्तरीपुढे काहीच नाही. संख्याशास्त्रातही अशी अर्धी तिकिटं आहेत. श्रीमंत देशांत वापरली जाणारी एक रीत पहिल्या मोठ्या माणसाला 1, पुढच्या प्रत्येक मोठ्याला 0.5 आणि मुलाला 0.3 धरते. नवरा, बायको, दोन मुलं म्हणजे 4 डोकी नव्हे, 2.1. अशा आकड्याला दरडोई म्हणू नका. मजकुरात ‘पर इक्विव्हॅलंट अ‍ॅडल्ट’ असं काही दिसलं तर ‘प्रौढ-एककामागे’ लिहा आणि खाली एक ओळ खुलासा द्या.

आता छेदाकडे, म्हणजे ज्या डोक्यांनी भागलं त्यांच्याकडे. माझा अनुभव असा की बहुतेक घोटाळे इथेच होतात, आणि वरचा आकडा तपासणारे दहा असले तर खालचा तपासणारा एखादाच सापडतो.

छेद लहान असला की काहीही होतं. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत, आणि नोबेल दोन: 1979 मध्ये अर्थशास्त्राचं, 1992 मध्ये साहित्याचं. दरडोई नोबेलच्या यादीत मोठमोठे देश त्याच्यापुढे पाणी भरतात. गोव्याचा दरडोई कचरा किंवा दरडोई मद्यविक्री कुणी डोळे मोठे करून सांगितली तर आधी विचारा, भागताना पर्यटक धरले का? वर कचरा सगळ्यांचा आणि खाली डोकी फक्त गोवेकरांची, असा तो हिशेब असतो. आषाढीच्या आठवड्यातल्या पंढरपूरचंही तेच. लाखभर वस्तीचं गाव, आणि वाळवंटात लाखोंनी माणूस.

पण माणसं वाढतात तशी कमीही होतात, आणि ते कुणाला दिसत नाही. हे मला बीड जिल्ह्यातल्या एका गावात समजलं.

नळयोजनेचे आकडे पडताळायला गेलो होतो. ग्रामीण भागासाठी निकष दरडोई दररोज 55 लिटर. (हा तिसराच वापर, ना वाटप ना सरासरी, नुसतं ठरवलेलं माप.) माझ्या कागदावर गावची लोकसंख्या 2,400. गुणिले 55, दिवसाला 1,32,000 लिटर, आणि विहीर तेवढं देत होती. कागद चोख. मी जानेवारीत गेलो होतो, गल्ल्या मोकळ्या, बऱ्याच दारांना कुलूप. टाकी दुपारी भरून वाहत होती. मी म्हटलं, पाणी तर उरतंय की. पाणी सोडणारा गडी हसला. म्हणाला, “साहेब, दरडोई म्हणताव, पर डोई हाय कुठं हितं? डोई गेलीय कारखान्यावर. पाडव्याला या.”

ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर भरून जोडपी जातात आणि उन्हाळा तापायला लागला की परत येतात. मुकादम उचल देतो तीही डोक्यामागे नाही, कोयत्यामागे. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. मोजण्याचं तेही एक एकक.

मी एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून वाडीवार घरं मोजली तेव्हा गावात 3,300 माणसं भरली. तेच 1,32,000 लिटर आता माणशी 40 आणि वर ऊन. मग 2,400 हा आकडा आला कुठून? 2011 च्या जनगणनेतून. ती गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे गळीत हंगामाच्या ऐन भरात. आणि आपल्या जनगणनेचा नियम असा की माणूस त्या सबंध काळात घरी नसेल तर त्याला घरी धरायचं नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचं. गणना करणाऱ्याने काही चूक केली नव्हती. कारखान्याच्या तळावर पालात ती माणसं मोजलीही गेली असतील. फक्त ती दुसऱ्याच तालुक्याच्या डोक्यांत जमा झाली.

एकही आकडा खोटा नाही आणि तरी पाणी कमी, असं ते प्रकरण होतं. अंश बरोबर, भागाकार बरोबर, निकष बरोबर. डोकी तेवढी फेब्रुवारीतली.

2011 नंतरच्या सगळ्याच दरडोई आकड्यांना हा विचार लागतो. 2021 ची जनगणना झाली नाही. नवीन गणना 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून ठरली आहे. तोवर राज्याचं दरडोई उत्पन्न काढताना खाली जी लोकसंख्या असते ती मोजलेली नाही, अंदाजाने पुढे नेलेली असते, वर्षाच्या मध्यावरची म्हणजे 1 ऑक्टोबरची. राज्यपातळीवर हे बऱ्यापैकी चालतं. गावपातळीवर आणला की तोच अंदाज मोडतो.

अनुवाद करताना एक गोष्ट तुम्ही स्वतःहूनही बिघडवू शकता, मी बिघडवली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका अहवालात मला दोन तालुक्यांचं मिळून दरडोई उत्पन्न द्यायचं होतं. एकाचं 50,000, दुसऱ्याचं 20,000. मी बेरीज करून दोनाने भागलं, 35,000. साहेबांनी लाल पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी फक्त ‘डोकी?’ एवढं लिहून परत पाठवलं. पहिल्या तालुक्यात माणसं एक लाख, दुसऱ्यात चार लाख. पन्नास हजारवाल्या एका लाखाला वीस हजारवाल्या चार लाखांच्या बरोबरीने तोललं होतं मी. दोन्हींचं एकूण काढून पाच लाखांनी भागलं तर 26,000 येतात. दरडोई आकड्यांची सरळ सरासरी काढायची नाही. परत एकूण करायचं, मग भागायचं.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर अहवालातलं ‘पर कॅपिटा’ वाटपाचं असेल तिथे ‘माणशी’, भागाकाराचं किंवा निकषाचं असेल तिथे ‘दरडोई’. सहकाऱ्यांच्या तक्त्यातलं ‘दरडोई प्रतिव्यक्ती प्रतिदिन 55 लिटर’ हे ‘दरडोई दररोज 55 लिटर’ करा. वरिष्ठांशी ‘पर कॅपट’वरून भांडू नका, मराठीत तो शब्द येतच नाही. आणि प्रत्येक दरडोई तक्त्याखाली बारीक टाइपात एक ओळ मागून घ्या, संस्थेकडून मिळाली नाही तर शोधून काढा. त्या गावच्या तक्त्याखाली मी शेवटी अशी लिहिली: ‘लोकसंख्या फेब्रुवारी 2011 ची. या महिन्यात ऊसतोडीची कुटुंबं गावाबाहेर असतात. एप्रिलच्या मोजणीप्रमाणे 3,300.’